इंग्रजीची परीक्षा: कोणती द्यायची आणि तयारी कुठून सुरू करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: "परदेशात मास्टर्ससाठी अर्ज करायचा आहे, पुढेमागे तिकडेच नोकरी करण्याचाही विचार आहे. आयईएलटीएस, टोफेल आणि पीटीई यांपैकी सोपी कोणती? तीन महिन्यांत ७ बँड येतील का? क्लास लावावा की घरीच अभ्यास करावा?" (बँड म्हणजे आयईएलटीएसचे गुण, ९ पैकी.)

मी बरीच वर्षं या परीक्षांची तयारी करून घेते आहे. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण याच क्रमाने विचारतो आणि हा क्रमच उलटा आहे, असं मला वाटतं. सोपी कोणती हे शेवटी बघायचं. आधी बघायचं ते हे, की तुमचा स्कोअर कोण वाचणार आहे.

स्कोअर वाचणारे बहुधा दोन असतात, कधी तीन. पहिलं विद्यापीठ, दुसरं व्हिसा देणारं खातं आणि तुम्ही डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट असाल तर तिसरी तुमच्या व्यवसायाची नोंदणी करणारी परिषद. तिघांचे नियम वेगळे असतात. विद्यापीठाने मान्य केलेली परीक्षा व्हिसा खातं मान्य करीलच असं नाही. ड्युओलिंगोची परीक्षा असंख्य विद्यापीठं प्रवेशासाठी घेतात, पण ब्रिटनच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी ती चालत नाही आणि कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या अर्जालाही चालत नाही. पीटीईचंही तसंच. कॅनडात स्थायिक होण्यासाठी 'पीटीई कोअर' लागते, 'पीटीई अकॅडमिक' नाही. आयईएलटीएस दिली तर तिच्या दोन प्रकारांपैकी 'जनरल ट्रेनिंग' लागते, 'अकॅडमिक' नाही. नावं इतकी सारखी आहेत की बुकिंग करताना एक खूण चुकली, तर अख्खी परीक्षा वाया जाते.

ब्रिटनची गुंतागुंत आणखी वेगळी. पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांसाठी बरीच विद्यापीठं इंग्रजीची खातरजमा स्वतः करतात, त्यामुळे तिथे साधी आयईएलटीएस चालू शकते. नोकरीच्या व्हिसासाठी मात्र तिथल्या गृहखात्याने मान्य केलेली परीक्षा, मान्य केलेल्या केंद्रावरच द्यावी लागते. 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' म्हणतात ती हीच (यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनचं व्हिसा खातं). प्रश्नपत्रिका तीच, काठिण्यही तेच, फक्त बुकिंग वेगळं. पण साधी आयईएलटीएस दिली आणि नंतर यूकेव्हीआय लागली, तर आधीचा स्कोअर कितीही चांगला असो, परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

म्हणून पहिल्याच दिवशी एक कागद घ्या. अर्ज करायचा आहे त्या प्रत्येक अभ्यासक्रमाचं नाव लिहा. त्यापुढे त्या विभागाच्या अधिकृत पानावरून तीन गोष्टी उतरवा: कोणत्या परीक्षा चालतात, एकूण स्कोअर किती लागतो आणि प्रत्येक भागात (ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, म्हणजे लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग) किमान किती लागतो. एकाच विद्यापीठात इंजिनिअरिंगला ६.५ आणि कायद्याला ७.५ असं सर्रास असतं, त्यामुळे विद्यापीठाचं मुख्य पान वाचून थांबू नका. तिसरी गोष्ट, म्हणजे भागवार किमान स्कोअर, बहुतेक जण वाचतच नाहीत आणि अडकतात ते तिथेच. 'एकूण ७, कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको' असं लिहिलेलं असेल तर लिसनिंगमध्ये ९ आणून रायटिंगचे ६ झाकता येत नाहीत. कॅनडात कायम वास्तव्यासाठी भाषेचे भरघोस गुण हवे असतील, तर सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी मोजणारी पट्टी) ९ ची पातळी गाठायला आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये ८ आणि बाकीच्या तिन्ही भागांत ७ लागतात. तिथे सरासरीला काहीच अर्थ नाही. ब्रिटनची नर्सिंग परिषद रायटिंगमध्ये ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ मागते. तिथल्या डॉक्टरांच्या परिषदेला एकूण ७.५ लागतात आणि एकही भाग ७ च्या खाली चालत नाही.

हा कागद तयार झाला की परीक्षांची यादी बहुधा आपोआप दोनवर येते. आता सोपी कोणती, हे विचारायला हरकत नाही. फक्त ते 'मला सोपी कोणती' असं विचारा.

आयईएलटीएसमध्ये बोलण्याची परीक्षा माणसासमोर होते, ११ ते १४ मिनिटांची. परीक्षक प्रश्न विचारतो, तुम्ही अडखळलात तर थांबतो, प्रश्न पुन्हा विचारतो. गप्पा मारता मारता ज्यांची जीभ सुटते, त्यांना हे मानवतं. लेखन तासाभराचं आणि दोन भागांत: पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा. तपासतात माणसंच. विद्यापीठांत आणि व्हिसासाठीही ही खूप ठिकाणी चालते. तुमचे देश अजून ठरले नसतील, दोन-तीन ठिकाणी एकदम अर्ज करायचे असतील, तर मी डोळे झाकून हीच सुचवते.

पीटीई अकॅडमिक पूर्ण संगणकावर आणि गुण १० ते ९०. तपासणी मुख्यतः संगणक करतो, काही प्रश्नप्रकारांवर आता माणसाचीही नजर असते. निकाल साधारण दोन दिवसांत येतो. इथे एकाच उत्तराचे गुण दोन कौशल्यांत जातात. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप करायचं असतं, त्याचे गुण लिसनिंगलाही मिळतात आणि रायटिंगलाही. त्यामुळे स्पेलिंग पक्कं आणि टायपिंगचा वेग बरा असणाऱ्यांचा फायदा होतो. पण बोलताना विचार करायला थांबायची सवय असेल तर ही परीक्षा तुमची नाही. तीन सेकंद गप्प राहिलात की मायक्रोफोन बंद होतो आणि तेवढंच उत्तर जमा होतं. शेजारच्या खुर्च्यांवरची माणसंही त्याच वेळी मोठमोठ्याने बोलत असतात. हे ज्यांना सहन होत नाही, त्यांनी आधी गजबजलेल्या खोलीत सराव करून पाहावा आणि मगच ठरवावं.

टोफेल आयबीटी आता बदलली आहे आणि हे अनेकांपर्यंत पोचलेलंच नाही. २१ जानेवारी २०२६ पासून तिचं रूप नवं आहे. रीडिंग आणि लिसनिंगमध्ये तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढच्या टप्प्याचं काठिण्य बदलतं. गुण १ ते ६ अशा पट्टीवर अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने मिळतात, आणि संक्रमणाच्या दोन वर्षांत जुन्या १२० च्या पट्टीवरचा तुल्य स्कोअरही सोबत येतो. लेखनात आता ईमेल लिहिणं आहे, शब्द जुळवून वाक्य तयार करणं आहे आणि वर्गातल्या चर्चेला उत्तर देणं आहे. बोलण्यात ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणणं आणि मुलाखतीसारखे प्रश्न. म्हणजे मोठ्या भावाने किंवा सीनिअरने दिलेली दोन वर्षांपूर्वीची पुस्तकं इंग्रजी सुधारायला उपयोगी आहेत, परीक्षेचा साचा समजायला नाहीत. ज्या विद्यापीठाच्या पानावर अजून नुसता १२० पैकीचा आकडा आहे, त्यांना नवी पट्टी कशी धरणार हे ईमेलने विचारून घ्या आणि उत्तर जपून ठेवा.

ओईटी ही इंग्रजीची परीक्षा फक्त आरोग्य क्षेत्रातल्या १२ व्यवसायांसाठी आहे. नर्स किंवा डॉक्टर विचारायला आले आणि त्यांची परिषद ओईटी घेत असेल, तर मी बहुतेकदा हीच द्या म्हणते. रुग्णाची माहिती वाचून दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहायचं, रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी संवाद करायचा, हे काम त्यांनी रोज केलेलं असतं. 'शहरांनी संग्रहालयांवर खर्च करावा का' यावर २५० शब्द लिहिण्यापेक्षा ते त्यांना कितीतरी जवळचं वाटतं. बी श्रेणीला ५०० पैकी ३५० गुण लागतात. केंब्रिजच्या सी१ अॅडव्हान्स्डसारख्या परीक्षांचं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही, ही त्यांची जमेची बाजू, पण मागणारी संस्था स्वतःची मुदत घालू शकते. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई आणि ड्युओलिंगो यांचे स्कोअर दोन वर्षं धरले जातात, तेव्हा खूप आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

परीक्षा ठरली की अभ्यासाला बसण्याआधी एक पूर्ण सराव परीक्षा द्या. वेळ लावून, मध्ये न उठता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच प्रसिद्ध केलेली हवी. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या अनेक प्रश्नपत्रिका कुणीतरी घरी बसून रचलेल्या असतात. त्यांचं काठिण्य चुकीचं असतं, 'नॉट गिव्हन'ची (उताऱ्यात माहितीच नाही, या पर्यायाची) उत्तरं तर सर्रास चुकीची असतात आणि त्यावरून काढलेला बँड दिशाभूल करतो. आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये आणि अकॅडमिक रीडिंगमध्ये ४० पैकी साधारण २३ बरोबर आले तर ६, ३० आले तर ७ आणि ३५ आले तर ८. जनरल ट्रेनिंगचं रीडिंग सोपं असतं म्हणून तिथे ७ साठी ३४ च्या आसपास लागतात. रायटिंगला स्वतः गुण देऊ नका. ते जाणकार माणसाकडून तपासून घ्या.

आता वेळेबद्दल. 'तीन महिन्यांत ७ येतील का' याचं उत्तर आज तुम्ही कुठे आहात यावर आहे. युरोपात भाषेच्या पातळ्या ए१ ते सी२ अशा मोजतात. केंब्रिजच्या हिशेबाने यातली एक पातळी चढायला मार्गदर्शनाखाली साधारण २०० तासांचा अभ्यास लागतो. आयईएलटीएसचे ५.५ ते ६.५ हे बी२ मध्ये येतात, ७ पासून सी१ सुरू होतो. म्हणजे आज तुम्ही ६.५ च्या काठावर असाल तर रोज दोन तास धरून तीन महिन्यांत ७ ची आशा बाळगणं रास्त आहे. आज ५.५ असाल तर तीन महिन्यांत ७ चं आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. युक्त्या शिकून मिळतो तो सुरुवातीचा अर्धा बँड, कारण प्रश्नांचे प्रकार आणि वेळेचं गणित न कळल्यामुळे तो गेलेला असतो. त्यापुढचं सगळं खुद्द इंग्रजीतून येतं.

त्यामुळे तयारीचे दोन टप्पे मी कटाक्षाने वेगळे ठेवते. आधी भाषा, मग परीक्षा. हातातल्या वेळेतला पहिला दोन-तृतीयांश भाग वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं यांना द्या. मॉक टेस्ट शेवटच्या तिसऱ्या भागात. रोज एक मॉक सोडवणारे विद्यार्थी मी खूप पाहते. कष्ट खरे असतात, पण स्कोअर हलत नाही, कारण मॉक टेस्ट मोजते, शिकवत नाही. एक मॉक दिली की तिच्यातल्या प्रत्येक चुकलेल्या उत्तराचं कारण शोधायला परीक्षेइतकाच वेळ द्या. शब्द माहीत नव्हता, ऐकू आला नाही, प्रश्न चुकीचा वाचला की वेळ संपला? चौघांचे उपाय चार आहेत.

रायटिंगवर मी जरा थांबणार आहे, कारण 'बाकी सगळीकडे ७-७.५ आणि रायटिंगला ६' हे चित्र सगळ्यात जास्त दिसतं. आयईएलटीएसच्या लेखनाला चार कसोट्या आहेत आणि चौघींना सारखं वजन आहे: प्रश्नाला उत्तर दिलं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा आणि व्याकरण. विद्यार्थी सगळी मेहनत तिसरीवर घेतात. अवघड शब्दांच्या याद्या पाठ करतात आणि ते शब्द निबंधात कुठेतरी बसवतात. परीक्षकाला मात्र न शोभणारा अवघड शब्द आधी दिसतो. सोपा शब्द नेमक्या जागी वापरला तर गुण जात नाहीत, अवघड शब्द चुकीच्या जागी वापरला तर जातात.

खरी गळती पहिल्या कसोटीत असते. 'दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि तुमचं मत द्या' असा प्रश्न असतो आणि विद्यार्थी एकाच बाजूने दोन परिच्छेद लिहून मोकळा होतो. किंवा 'तुम्ही कितपत सहमत आहात' असं विचारलेलं असतं आणि निबंधभर फायदे-तोटे येतात, मत शेवटच्या ओळीत. प्रश्नातला एक छोटा शब्द सुटतो: 'फक्त', 'सर्वांत महत्त्वाचं', 'तरुणांसाठी'. सरकारने फक्त सार्वजनिक वाहतुकीवर खर्च करावा का, असा प्रश्न असेल तर वाहतूक चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. 'फक्त' हा मुद्दा आहे. म्हणून निबंधाच्या, म्हणजे दुसऱ्या भागाच्या, ४० मिनिटांपैकी पहिली पाच मिनिटं पेन न चालवता प्रश्न वाचण्यात आणि दोन मुद्दे ठरवण्यात घालवा. दोनच. चार मुद्दे एकेका ओळीत उरकण्यापेक्षा दोन मुद्दे नीट उलगडा: म्हणणं काय, ते खरं का, त्याने काय होतं, एखादं उदाहरण. विचार पुढे नेता येतो की नाही, हे परीक्षक पाहतो.

मांडणीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे: प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मोरओव्हर', 'फर्दरमोअर', 'इन अॅडिशन' लिहिलं की सुसंगती येते. उलट जोडशब्दांचा यांत्रिक वापर हे ६ बँडच्या वर्णनात उणीव म्हणूनच नोंदलेलं आहे. दोन वाक्यांतला संबंध अर्थातून कळला पाहिजे. मागच्या वाक्यातली गोष्ट पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला सर्वनामाने किंवा वेगळ्या शब्दाने उचललीत, की जोडशब्दाची गरजच निम्म्याने कमी होते.

व्याकरणात ७ बँडसाठी बिनचूक वाक्यं वारंवार दिसावी लागतात, ८ साठी बहुतांश वाक्यं बिनचूक लागतात. हे नीट लक्षात घ्या. एका वाक्यात एक जरी 'द' राहिला तरी ते वाक्य बिनचूक राहत नाही. आपल्या भाषेत 'अ', 'अॅन', 'द' नाहीत, त्यामुळे मराठीभाषकांच्या निबंधात सर्वांत जास्त लाल खुणा इथेच पडतात. दुसरा नंबर क्रियापदाच्या 'एस'चा आणि अनेकवचनाचा. तिसरा 'डिस्कस अबाउट', 'कम्प्राइज ऑफ' अशा सवयीच्या चुकांचा. चौथा पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांच्या गोंधळाचा. प्रत्येकाच्या चुका ठरलेल्या असतात, पाच-सहाच, आणि त्याच पुन्हा पुन्हा होतात. एक चुकांची वही ठेवा. तपासून आलेल्या प्रत्येक निबंधातली चूक तिच्यात प्रकारानुसार लिहा. आठ-दहा निबंधांनंतर तुमची यादी तुमच्यासमोर असेल, आणि परीक्षेत शेवटची तीन-चार मिनिटं फक्त त्या यादीतल्या चुका शोधायला वापरता येतील.

सरावाची माझी आवडती पद्धत म्हणजे तोच निबंध पुन्हा लिहिणं. आठवड्याला सात नवे निबंध लिहू नका. दोन लिहा, तपासून घ्या, दोन दिवसांनी मूळ निबंध न बघता तेच दोन पुन्हा लिहा. दुसऱ्या वेळी काय लिहायचं याची चिंता नसते, त्यामुळे लक्ष कसं लिहायचं याकडे जातं. फरक डोळ्यांना दिसतो. कंटाळवाणं आहे हे मला माहीत आहे, तरी मी यावर अडून बसते.

पाठ केलेल्या साच्यांबद्दल स्पष्टच सांगते: टाळा. सुरुवातीचा परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि मधली रिकाम्या जागा भरायची वाक्यं पाठ करून देणारे पुष्कळ आहेत. पाठ केलेला मजकूर ओळखणं हा परीक्षकांच्या प्रशिक्षणाचाच भाग असतो. साच्यातलं सफाईदार वाक्य आणि त्याला लागून तुमचं स्वतःचं अडखळतं वाक्य, ही दरी पहिल्या परिच्छेदातच दिसते. अकॅडमिकच्या पहिल्या भागात, म्हणजे आलेखाच्या वर्णनात, ठरावीक क्रम मात्र उपयोगी पडतो. त्यात सर्वांत मोठा बदल किंवा सर्वांत ठळक फरक सांगणारा आढावा हवाच. तो नसेल तर सगळे आकडे अचूक असूनही गुण अडतात. कारणं देऊ नका, मत देऊ नका, आकृतीत आहे तेवढंच लिहा. आणि दुसऱ्या भागाला पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, तेव्हा पहिल्यावर २० मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

लिसनिंगचं ध्वनिमुद्रण आयईएलटीएसमध्ये एकदाच ऐकवतात. बरेच जण म्हणतात, "उच्चार कळत नाहीत." तपासून पाहिलं की बहुधा वेगळंच निघतं: शब्द माहीत असतात, पण वाक्यात ते दबून, एकमेकांना चिकटून येतात आणि कानाला सापडत नाहीत. यावर श्रुतलेखन हा खात्रीचा उपाय. दोन-तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण घ्या, एकेक वाक्य थांबवत लिहा, मग छापील संहितेशी ताडून पाहा. जे सुटलं ते बहुतेक छोटे शब्द असतील. महिनाभर रोज वीस मिनिटं केलंत तर कान बदलतो. परीक्षेत मात्र सापळे ओळखा: बोलणारा आधी एक वेळ सांगतो आणि मग ती दुरुस्त करतो. उत्तर नंतरचं. स्पेलिंग चुकलं की गुण गेला, 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' म्हटलेलं असताना तीन लिहिले तरी गेला. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडू नका. पीटीईत काही प्रश्नांना चुकीच्या निवडीचे गुण वजा होतात, तिथे हा सल्ला लागू नाही.

रीडिंगमध्ये 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांचा घोळ सगळ्यांचा होतो. उतारा विधानाच्या उलट सांगत असेल तर 'फॉल्स', त्याबद्दल काहीच सांगत नसेल तर 'नॉट गिव्हन'. विषयाचं तुमचं स्वतःचं ज्ञान मध्ये आणलंत की चूक झालीच. बाकी रीडिंग वाचनानेच सुधारतं, आणि ते प्रश्नपत्रिकांबाहेरचं हवं: विज्ञान, इतिहास, पर्यावरण यांवरचे लांब लेख, रोज एक, शब्दकोश शेवटी उघडून.

बोलण्याच्या परीक्षेत अमेरिकन किंवा ब्रिटिश ढब आणायचा प्रयत्न कृपा करून करू नका. ढबीला गुण नाहीत, स्पष्टतेला आहेत. स्पष्टतेत मराठीभाषकांना दोन गोष्टी जपाव्या लागतात. एक, आपल्या 'व'मध्ये इंग्रजीचे दोन वेगळे ध्वनी मिसळतात. एक खालचा ओठ दातांना लावून, दुसरा ओठांचा गोल करून. दोन, शब्दातला आघात. आपण प्रत्येक अक्षर साधारण सारख्याच जोराने उच्चारतो, इंग्रजीत तसं नसतं. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' या तिन्हींत जोर तीन वेगळ्या जागी पडतो, आणि जोर चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच सापडत नाही. नवीन शब्द शिकताना जोर कुठे आहे हे सोबतच शिका.

आयईएलटीएसच्या बोलण्याच्या तीन भागांपैकी दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलणं असतं. तिथे अडचण भाषेपेक्षा मजकुराची असते, म्हणून रोज एक विषय घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि मुख्य म्हणजे ते पुन्हा ऐका. आपलाच आवाज ऐकणं अवघड जातं, तरी ऐका. कुठे थांबता, कोणता शब्द दर वाक्यात येतो, हे दुसरं कुणी इतकं नेमकं सांगू शकत नाही. तिसऱ्या भागातल्या प्रश्नांना उत्तर येत नसेल तर तसं म्हणून विचार करत करत बोललं तरी चालतं. तिथे तुमचं मत बरोबर की चूक हे कुणी तपासत नाही.

क्लासबद्दल. लिसनिंग आणि रीडिंग घरी होतं, त्यासाठी क्लासची गरज मला वाटत नाही. रायटिंग आणि स्पीकिंगला दुसरा माणूस लागतोच. तेव्हा क्लास निवडताना एवढंच विचारा: आठवड्याला माझे किती निबंध तपासले जातील, कोण तपासेल, आणि नुसता बँड लिहून देणार की प्रत्येक वाक्यावर खुणा करणार? चाळीस जणांच्या वर्गात फळ्यावर 'टिप्स' लिहून देत असतील, तर त्याऐवजी चांगलं इंग्रजी येणाऱ्या एखाद्या शिक्षकाला निबंध तपासायला देणं अधिक उपयोगी. आणि कुणी फुटलेली प्रश्नपत्रिका, परीक्षा न देता प्रमाणपत्र किंवा 'आतून' बँड वाढवून देण्याची भाषा केली, तर तिथून निघा. विद्यापीठं आणि व्हिसा खाती स्कोअर थेट परीक्षा संस्थेकडून पडताळतात. खोटेपणा उघड झाला की नुसता प्रवेश जात नाही, पुढची अनेक वर्षं व्हिसाचे दरवाजे बंद होऊ शकतात.

बुकिंग करताना ज्या पासपोर्टवर नोंदणी केली तोच परीक्षेला न्या. मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण होणार असेल तर ते आधी उरका. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. तारीख अशी घ्या की अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधी आणखी एकदा परीक्षा देण्याइतकी जागा राहील. अनेक केंद्रांवर आयईएलटीएस आता संगणकावरच होते, तेव्हा लेखनाचा सरावही टाइप करूनच करा, स्पेलिंग तपासणारी सोय बंद ठेवून.

निकाल आल्यावर आकडेमोड शांतपणे करा. आयईएलटीएसचा एकूण बँड चार भागांची सरासरी असतो आणि तो जवळच्या अर्ध्यावर जातो: .२५ चं वर .५ होतं, .७५ चं पुढचा पूर्ण बँड. समजा लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ६ आले. सरासरी ६.६२५, म्हणजे एकूण ६.५. यातला कुठलाही एक भाग अर्ध्याने वाढला की ६.७५ होऊन एकूण ७. अशा वेळी पूर्ण परीक्षा पुन्हा देण्याआधी दोन वाटा तपासा. एक, 'वन स्किल रिटेक'. संगणकावरच्या परीक्षेनंतर ६० दिवसांत एकच भाग पुन्हा देता येतो, मात्र तुमचं विद्यापीठ किंवा व्हिसा खातं असा निकाल मान्य करतं का हे आधी लेखी विचारा. दोन, फेरतपासणी. परीक्षेपासून सहा आठवड्यांत ती मागता येते. लिसनिंग-रीडिंगसाठी ती मागण्यात सहसा हशील नसतं, उत्तरं ठरलेली असतात. रायटिंग किंवा स्पीकिंग मात्र तुमच्या तपासून घेतलेल्या सरावापेक्षा आणि बाकीच्या भागांपेक्षा पूर्ण बँडने खाली असेल, तर जरूर मागा. दोन्ही वाटा बंद असतील आणि पूर्ण परीक्षा पुन्हा द्यायची वेळ आली, तर लगेच पुढच्या आठवड्याची तारीख घेऊ नका. चुकांच्या वहीतले वरचे तीन प्रकार लागोपाठ चार तपासलेल्या निबंधांतून नाहीसे झाले, की मग घ्या.